कोनी आयलंडची ‘सायक्लोन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो. दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतं आणि न्यूयॉर्क दाखवताना मी त्यांना हटकून ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठी घेऊन जातो. तिथल्या ‘सायक्लोन’ या जुन्या लाकडी रोलर कोस्टरवर माझा जीव आहे, हे आता नातेवाइकांत आणि त्यांच्या ओळखीच्यांत सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर प्रश्न येत राहतात. फिरून फिरून येणारे प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे लिहून ठेवतोय. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायक्लोन म्हणजे नेमकं काय आणि ती आहे कुठे?

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात कोनी आयलंड नावाचा समुद्रकिनारा आहे. तिथे सर्फ अव्हेन्यू आणि वेस्ट १०वा रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर ही राइड उभी आहे. उंची ८५ फूट, म्हणजे सुमारे २६ मीटर. रुळांची लांबी २,६४० फूट, बरोबर अर्धा मैल. एका फेरीत १२ उतार आणि ६ मोठी वळणं. तीन डबे, प्रत्येकात दोघांच्या चार रांगा, म्हणजे एका वेळी २४ माणसं. सगळा खेळ पावणेदोन मिनिटांच्या आसपास आटोपतो.

सबवेने जात असाल तर शेवटच्या स्टिलवेल अव्हेन्यू स्टेशनाच्या अलीकडे वेस्ट ८वा रस्ता हे स्टेशन लागतं, तिथे उतरा. फलाटावरूनच पांढरा सांगाडा दिसू लागतो.

२. ती कधी बांधली आणि कोणी?

२६ जून १९२७ ला ती सुरू झाली. आराखडा व्हर्नन कीनन यांचा, बांधकाम हॅरी बेकर यांचं आणि पैसा जॅक व आयर्व्हिंग रोझेन्थल या भावांचा.

ती एकटी आली नाही, हे लक्षात घेतलं तर गंमत कळते. १९२० मध्ये सबवे कोनी आयलंडपर्यंत पोचली आणि पाच सेंटांत शहरातला कोणीही कामगार, कारकून, शिवणकाम करणारी मुलगी रविवारी समुद्रावर येऊ लागली. गर्दी लोटली तशी राइडवाल्यांत चुरस लागली. १९२५ मध्ये थंडरबोल्ट आली, १९२६ मध्ये टोर्नेडो, १९२७ मध्ये सायक्लोन. आधी वीज, मग वावटळ, शेवटी चक्रीवादळ. सायक्लोनचं तिकीट २५ सेंट होतं, म्हणजे घरून इथवर यायला लागणाऱ्या सबवेच्या भाड्याच्या पाचपट. तरी लोक रांगा लावून उभे राहत.

रोझेन्थल बंधूंनी पुढे हडसन नदीच्या आमच्या बाजूला, न्यू जर्सीतलं पॅलिसेड्स पार्क घेतलं. ते १९७१ मध्ये बंद झालं.

३. कोनी आयलंडच का? रोलर कोस्टरचा जन्म तिथलाच म्हणतात, ते खरं आहे?

अर्धं खरं आहे. लामार्कस थॉम्प्सन यांनी १८८४ मध्ये इथे ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली आणि अमेरिकेत या धंद्याची खरी सुरुवात तिथून झाली. आज सायक्लोन ज्या कोपऱ्यावर उभी आहे, तोच तो कोपरा. सुमारे ६०० फुटांचा मार्ग, ताशी जेमतेम ६ मैल वेग आणि तिकीट ५ सेंट. माणसं बाकावर आडवी बसत, समोर समुद्राचा देखावा. पलीकडच्या टोकाला पोचलं की सगळे उतरत, नोकर गाडी ढकलून दुसऱ्या रुळावर वर चढवत आणि परतीचा प्रवास सुरू. आपल्याकडची बैलगाडीही उतारावर याहून जोरात जाईल! पण त्या काळच्या माणसाला तेवढ्यावरही जग हलल्यासारखं वाटलं.

पुढची पायरी लवकरच आली. वर्षभरातच वाटोळा मार्ग आणि गाडी साखळीने ओढून वर नेणं, या दोन कल्पना आल्या. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरच गाडी उलटी फिरवणारी ‘फ्लिप फ्लॅप’ आली. तिचं वर्तुळ अगदी गोल होतं, त्यामुळे खालून वर वळताना मानेला जबर हिसका बसे आणि ती फार काळ टिकली नाही. आजच्या राइडमधले असे फेरे थेंबाच्या आकाराचे असतात ते यामुळेच.

४. मग त्याआधी काहीच नव्हतं?

होतं. रशियात हिवाळ्यात लाकडी उतारांवर पाणी ओतून बर्फ जमवत आणि त्यावरून घसरत. ती कल्पना पॅरिसला गेली आणि १८१७ मध्ये बेलव्हिल भागात चाकांच्या गाड्या उतारावरून सुटू लागल्या. म्हणूनच फ्रेंच आणि स्पॅनिश लोक रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन लोक मात्र त्यालाच ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात!

तिसरी मुळी पेनसिल्व्हेनियातली. मॉक चंक गावात १८२७ मध्ये डोंगरावरचा कोळसा उतारानेच खाली आणणारी रूळवाट टाकली आणि पुढे लोक हौसेने पैसे देऊन तिच्यातून बसून जाऊ लागले. त्या गावाचं आजचं नाव जिम थॉर्प. न्यू जर्सीहून पानगळीचे रंग बघायला आपली किती मराठी मंडळी तिथे जातात, पण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

५. लाकडी म्हणतात, पण खांब तर लोखंडी दिसतात. फसवणूक आहे का?

नाही. रोलर कोस्टर लाकडी की पोलादी हे रुळावरून ठरतं, खांबांवरून नाही. सायक्लोनचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या लाकडी फळ्यांचे थर, त्यांच्यावर पोलादाची पट्टी आणि त्या पट्टीवर चाकं. खालचा सांगाडा पोलादी आहे, कारण शहराला आगीची धास्ती होती. कोनी आयलंडचा इतिहास आगींनी भरलाय. १९०७ मध्ये स्टीपलचेस हे करमणुकीचं पार्क जळालं आणि १९११ मध्ये ड्रीमलँड हे दुसरं पार्क एका रात्रीत राख झालं. दोन फर्लांगांवरची टोर्नेडोही शेवटी १९७७ मध्ये आगीतच गेली.

लाकडी रूळ किंचित लवतो, कुरकुरतो आणि तो हादरा थेट पाठीपर्यंत येतो. पोलादी राइडची सफाई ज्यांना हवी असते त्यांना हे खडबडीत वाटतं. मला तो हादरा हवा असतो.

६. इंजिन नाही, तर गाडी धावते कशी? आणि चढताना तो टक-टक आवाज कसला?

मोटर आहे, पण ती फक्त पहिल्या चढापुरती. तिच्यावर फिरणारी साखळी गाडीला पकडून माथ्यावर नेते आणि सोडते. तिथून पुढे गुरुत्वाकर्षण. पहिल्या चढावर कमावलेली उंचीच सगळ्या फेरीला पुरवायची असते, म्हणून पुढचा प्रत्येक माथा पहिल्यापेक्षा ठेंगणा.

टक-टक आवाज साखळीचा नाही. गाडीखाली एक खिटी असते, ती चढावरच्या दात्यांवरून घसरत पुढच्या दात्यात पडते, त्याचा तो आवाज. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून ही सोय आहे. जॉन मिलर नावाच्या अभियंत्याने १९१० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. म्हणजे ज्या आवाजाने तुमची छाती धडधडते, तोच आवाज तुम्हाला सांभाळत असतो.

थांबण्याची रीत तर याहून जुन्या वळणाची. स्टेशनात कर्मचारी लांब दांडे हाताने ओढून ब्रेक लावतात. किती ओढायचा आणि कधी, हे गाडीतल्या वजनावर आणि हवेवर ठरतं. ते काम पाच मिनिटं उभं राहून बघा. घाटात एसटी चालवणारा जुना ड्रायव्हर जसा कानाने गिअर ओळखतो, तसं ते आहे.

७. पोटात गोळा का येतो? आणि त्या क्षणी गाडी रुळावरून उडत कशी नाही?

माथ्यावरून गाडी खाली वळते, पण आपलं शरीर अजून सरळ पुढे जायच्या बेतात असतं. क्षणभर बाक अंगाखालून निसटतो, पोटातले अवयवही हलके होतात, तोच तो गोळा. चाहते याच क्षणासाठी येतात. सायक्लोनवर तो पुन्हा पुन्हा येतो, कारण उतार तीव्र आहेत. पहिलाच सुमारे ५८ अंशांचा आहे.

गाडी उडत नाही याचं श्रेयही जॉन मिलर यांचंच (प्रश्न ६). १९१९ मध्ये त्यांनी रुळाच्या खालून पकडणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं. वरची चाकं गाडीला पेलतात, खालची तिला रुळाला धरून ठेवतात. याआधीच्या कोस्टरना हळू आणि सौम्यच राहावं लागे, कारण जोराचा उंचवटा आला तर गाडी सुटायची भीती होती. या एका शोधाशिवाय १९२०च्या दशकातले ते उभे कडे बांधताच आले नसते.

८. ताशी ६० मैल वेग लिहिलेला असतो. तो खरा आहे का?

हा प्रश्न अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारला आणि त्याचं कौतुक वाटलं. शाळेतलं सूत्र घेऊ. २६ मीटर उंचीवरून घर्षण शून्य धरून पडलं, तरी खाली वेग येतो सेकंदाला सुमारे २२.६ मीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर किंवा ५० मैल. ताशी ६० मैल गाठायला जवळपास १२० फुटांची उंची लागेल. साखळी माथ्यावर जो थोडा वेग देते, त्याने हा फरक भरून निघत नाही. तेव्हा ६० हा आकडा छापील आहे, गणितात बसत नाही.

पण बसलेल्या माणसाला विचाराल तर तो ६०च काय, ८० सांगेल. जागा चिंचोळी असल्यामुळे रूळ स्वतःच्याच खालून-वरून जातात, खांब कानाजवळून सपकन निघून जातात आणि डब्यांच्या कडा बुटक्या आहेत. वेग डोळ्यांना आणि कानांना जाणवतो, तो असा.

९. पुढे बसू की मागे?

पहिल्यांदा जात असाल तर मधे. दुसऱ्यांदा थेट शेवटच्या रांगेत.

गाडी साधारण अर्धी माथा ओलांडते तेव्हा तिचा वेग सगळ्यात कमी असतो. पुढच्या रांगेतली माणसं त्या वेळी उतारावर लोंबत, वाट पाहत असतात. शेवटची रांग माथ्यावर पोचते तेव्हा पुढच्या डब्यांनी वेग घेतलेला असतो, त्यामुळे मागच्यांना माथ्यावरून अक्षरशः खेचून फेकलं जातं. पुढे बसून दिसतं जास्त, समुद्र आणि पहिला उतार दोन्ही. मागे बसून जाणवतं जास्त. शक्य असेल तर संध्याकाळी जा. दिवसभराच्या उन्हाने वंगण पातळ झालेलं असतं आणि गाडी सकाळपेक्षा मोकळी धावते.

१०. इतकी जुनी आहे, सुरक्षित आहे का? अपघात झाले आहेत का?

झाले आहेत. १९८५ आणि १९८८ मध्ये चालू गाडीत उभे राहिल्याने दोघांचा जीव गेला, त्यातला दुसरा तिथलाच कर्मचारी होता. २००७ मध्ये एका ५३ वर्षांच्या माणसाच्या मानेच्या मणक्यांना इजा झाली आणि काही दिवसांनी तो दगावला. बसून राहणं, पाठ टेकवणं आणि मान सरळ ठेवणं या सूचना तिथे शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

गाडी अडकण्याचे प्रसंग वेगळे. मार्च २०१५ मध्ये हंगामाच्या पहिल्याच दिवशी ती चढावर थांबली आणि ऑगस्ट २०२४ मध्येही तसंच झालं. दोन्ही वेळा लोकांना बाजूच्या पायवाटेने चालत खाली आणलं. २०२४ मध्ये साखळीच्या दातेरी चाकाला तडा सापडला आणि दुरुस्ती व तपासणी होईपर्यंत राइड बंद राहिली. चढावर थांबलेली गाडी जागच्या जागी राहते, ती प्रश्न ६ मधल्या खिटीमुळे.

११. आई-बाबा भारतातून आलेत, मुलगा नऊ वर्षांचा आहे. कोणाला बसवू?

मुलाची उंची मोजा, वय नको. किमान ५४ इंच लागते, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटर. चवड्यांवर उभं करून नेऊ नका. मांडीवर येणारा दांडा शेजारच्या दोघांत एकच असतो, त्यामुळे धिप्पाड माणसाशेजारी बारीक मूल बसवलं तर त्याच्या बाजूला फट राहते.

मान, कंबर, हृदय, रक्तदाब यांपैकी कशाचीही तक्रार असेल, किंवा पोटात बाळ असेल, तर नाही. हाडं ठिसूळ झालेल्या वडीलधाऱ्यांनाही नाहीच, मग ते कितीही म्हणोत की आम्ही जत्रेत पाळण्यात बसायचो. त्यांच्यासाठी शेजारी १९२० चा ‘वंडर व्हील’ हा आकाशपाळणा आहे. १५० फूट उंच आणि २४ पाळणे. त्यातले १६ आतल्या रुळांवर सरकतात, ते सोडून उरलेल्या ८ स्थिर पाळण्यांपैकी एखाद्यात बसवा. समुद्र तिथूनही दिसतो.

चष्मा, मोबाइल आणि ओढणी खाली थांबणाऱ्याकडे द्या. मंगळसूत्र लांब असेल तर तेही काढून ठेवा, किंवा निदान आत टाका.

१२. सायक्लोन पाडणार होते, हे खरं आहे का?

खरं आहे आणि फार थोडक्यात वाचली. साठच्या दशकापासून कोनी आयलंडला उतरती कळा लागली. लोक मोटारीने लांबच्या किनाऱ्यांवर जाऊ लागले, मोठी पार्कं मिटली. १९७१ मध्ये न्यूयॉर्क शहराने सायक्लोन दहा लाख डॉलरला विकत घेतली, ती चालवण्यासाठी मात्र नव्हे. शेजारच्या मत्स्यालयाला विस्तारासाठी जागा हवी होती आणि राइड पाडायचं ठरत होतं. स्थानिक व्यापारी आणि चाहत्यांनी ‘सायक्लोन वाचवा’ अशी मोहीम उघडली. शेवटी १९७५ मध्ये शेजारच्या ॲस्ट्रोलँड या करमणूक पार्कच्या ॲल्बर्ट कुटुंबाने ती वर्षाला ५७,००० डॉलर भाड्याने घेतली, डागडुजी केली आणि जुलैत पुन्हा सुरू केली.

१९८८ मध्ये ती शहराची संरक्षित वास्तू झाली, १९९१ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आली. २००८ मध्ये ॲस्ट्रोलँड बंद पडलं. २०११ पासून नवं लूना पार्क ती चालवतं, जागेची मालकी शहराचीच. १९०३ चं मूळ लूना पार्क वेगळं, ते १९४४ च्या आगीनंतर संपलं.

१३. आम्ही तिथे ‘थंडरबोल्ट’ पाहिली. प्रश्न २ मधली तीच का?

नाही, फक्त नाव तेच. जुनी थंडरबोल्ट १९८२ मध्ये बंद झाली, कित्येक वर्षं वेलींनी झाकलेली उभी होती आणि २००० मध्ये पाडली. तिच्या पोटात एक जुनं हॉटेल होतं, रूळ त्याच्या छतावरून जात आणि त्यात लोक राहत. आजची थंडरबोल्ट २०१४ ची, पोलादी, सरळ उभी चढणारी.

प्रश्न २ मधल्या तिघींपैकी फक्त सायक्लोन उरली. तिच्या वाट्याला संरक्षण आलं, थंडरबोल्टच्या आलं नाही. हे मला अजून लागतं.

१४. सायक्लोन नावाच्या राइड इतर शहरांतही ऐकल्या. त्या हिच्या शाखा आहेत का?

शाखा नाहीत, नकला आहेत. सत्तरच्या दशकात ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड या करमणूक पार्कला ही राइडच उचलून न्यायची होती. ते फार महाग पडणार असं दिसल्यावर त्यांनी १९७६ मध्ये तिच्यावरून ‘टेक्सस सायक्लोन’ बांधली. अटलांटाजवळची जॉर्जिया सायक्लोन १९९० ची, शिकागोजवळची ‘व्हायपर’ १९९५ ची. ह्यूस्टनची आता नाही, अटलांटाची रूप बदलून पोलादी रुळांवर गेली. त्या दोन नकला गेल्या, मूळ उभी आहे.

१५. ही जगातली सर्वांत जुनी रोलर कोस्टर आहे का?

नाही. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाची ‘लीप-द-डिप्स’ १९०२ ची आहे, मेलबर्नच्या लूना पार्कमधली ‘सीनिक रेल्वे’ १९१२ ची.

१६. एका मुक्या माणसाला सायक्लोनवर वाचा फुटली म्हणतात. आणि कोणी चार दिवस सलग बसलं होतं?

पहिली गोष्ट १९४८ ची. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खाणकामगाराची वाचा काही वर्षांपासून गेली होती. पहिल्या उतारावर तो किंचाळला आणि खाली उतरल्यावर ‘मला मळमळतंय’ असं म्हणाला. त्याची वाचा मनावरच्या आघाताने गेलेली होती, स्वरयंत्र शाबूत होतं. म्हणून कोणाच्या आजारावर उपाय म्हणून तिथे नेऊ नका.

दुसरी १९७७ ची. रिचर्ड रॉड्रिग्ज यांनी १०४ तास फेऱ्या मारून विक्रम केला.

१७. खोपोलीच्या इमॅजिकातली ‘नायट्रो’ आम्ही केली आहे. त्यापुढे सायक्लोन किरकोळ वाटेल का?

आकड्यांत वाटेल. नायट्रो २०१३ ची, पोलादी, पायाखाली फळी नसलेली, ४० मीटरच्या आसपास उंच आणि पाच वेळा उलटं करणारी. स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड या नामवंत कंपनीने बांधली आहे. सायक्लोन एकदाही उलटं करत नाही.

पण नायट्रोवर खांद्यावरून येणारा पट्टा तुम्हाला बाकाशी घट्ट बांधतो. सायक्लोनवर मांडीवर एक दांडा, बाकी अंग मोकळं. माझा पुण्याचा मावसभाऊ नायट्रोवर हात वर करून हसत बसला होता. सायक्लोनच्या दुसऱ्या उतारानंतर त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

१८. फळ्या बदलत राहतात, मग आज जी आहे ती १९२७ चीच सायक्लोन कशी?

फळ्या बदलाव्याच लागतात. खाऱ्या वाऱ्यात लाकूड टिकत नाही. दर हिवाळ्यात राइड बंद असते तेव्हा सुतार रूळ तपासतात आणि खराब तुकडे काढून नवे ठोकतात. २०११ ते २०१६ या काळात ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनल या कंपनीने टप्प्याटप्प्याने मोठ्या प्रमाणावर रूळ नव्याने घातले. जुन्या चाहत्यांपैकी काहींना ती त्यानंतर जास्तच गुळगुळीत वाटू लागली. मला स्वतःला शेवटची वळणं थोडी शांत झाल्यासारखी वाटतात, पण उतारांवर फरक जाणवत नाही.

१९२७ चा आहे तो कीनन यांचा आराखडा: कुठे चढायचं, कुठे वळायचं, कोणत्या माथ्यावर माणसाला बाकावरून उचलायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी कोनी आयलंडमध्ये शिरलं, दुकानं आणि यंत्रं बुडाली. त्याच हिवाळ्यात नेहमीसारखे फळ्या आणि खिळे आले आणि मार्च २०१३ मध्ये, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, हंगामाची पहिली गाडी वेळेवर सुटली.